मोम्बासा: आधी बेट, मग किनारा

मोम्बासाला येणारे कितीतरी पाहुणे मोम्बासा न बघताच परत जातात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. विमानतळ आहे बेटाबाहेर, पश्चिमेच्या मुख्य भूमीवर. नैरोबीहून येणारी नवी रेल्वे मिरितिनीला थांबते, तेही बेटाबाहेरच. तिथून डोंगो कुंडूचा बायपास धरला की गाडी परस्पर दक्षिणेला डियानीच्या पांढऱ्या वाळूकडे वळते. चार दिवस पोहायचं, उन्हात लोळायचं, आल्या वाटेने परत जायचं आणि घरी सांगायचं, 'मोम्बासा पाहिलं.'

आम्हा इथे राहणाऱ्यांचं म्हणणं एवढंच की समुद्र कुठे जात नाही, आधी दोन दिवस बेटाला द्या. आणि ते दोन दिवस नकाशाबरोबर घड्याळही समोर ठेवून आखा. या शहराचा दिवस तीन गोष्टी ठरवतात: ऊन, नमाज आणि भरती-ओहोटी. त्यांच्या वेळा सांभाळल्या तर शहर आपणहून उघडत जातं. नाही सांभाळल्या तर बंद दुकानं, ओस गल्ल्या आणि गुडघाभर पाणी पदरी पडतं.

निघण्यापूर्वी

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद केला. त्याऐवजी प्रवासापूर्वी ऑनलाइन 'ईटीए' म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना काढावा लागतो. तो केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. तशाच नावाची, जादा पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत.

भारतातून येणाऱ्याने पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं पुस्तक विसरू नये. केनियात शिरताना ते कोणी मागेल न मागेल, पण परत भारतात उतरताना नक्की मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, त्यामुळे तिकिटाबरोबरच लशीची तारीखही ठरवा. किनारपट्टीवर मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा आणि संध्याकाळसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे ठेवा.

सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. २०१७ पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यांतून आणा. विजेचे प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पायांचे असतात. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे करा.

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेणं आणि त्यावर एम-पेसा सुरू करून घेणं. २००७ साली सुरू झालेल्या या मोबाइल पैशावर अख्खा देश चालतो. शहाळंवाला, रिक्षावाला, तिकीट खिडकी, सगळे एम-पेसा घेतात. काही सरकारी ठिकाणी तर रोख पैसे घेतीलच असं नाही.

कोणत्या महिन्यात यावं

मोम्बासाचं वर्ष दोन वाऱ्यांवर चालतं. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून 'कास्काझी' वाहतो. या दिवसांत समुद्र शांत, पाणी नितळ आणि उकाडा जबर. एप्रिल ते सप्टेंबर आग्नेयेचा 'कुसी' असतो, तेव्हा हवा त्यामानाने गार, पण समुद्र खवळलेला. याच वाऱ्यांवर स्वार होऊन अरबस्तान, कच्छ आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं शतकानुशतकं इथे येत आणि वारा फिरला की परतत.

मोठा पाऊस एप्रिल-मेमध्ये पडतो, छोटा ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ बघायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत या. शहरात पायी हिंडायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर उत्तम. रमझानमध्ये दिवसा जुन्या शहरातली खाणावळ शोधणं अवघड, पण सूर्यास्तानंतर त्याच गल्ल्यांत जी खाद्यजत्रा भरते ती इतर महिन्यांत दिसत नाही.

बेटाची मांडणी

बेट लहान आहे. पूर्वेच्या टोकाला जुनं शहर आणि किल्ला, मधोमध मोई अव्हेन्यू आणि त्यावरच्या हत्तीच्या सुळ्यांच्या आकाराच्या धातूच्या प्रचंड कमानी, पश्चिमेला किलिंदिनीचं मोठं बंदर. उत्तरेला न्याली पूल, पश्चिमेला मकूपाची वाट आणि दक्षिणेला लिकोनीची फेरीबोट ही बेटाबाहेर जायची जुनी दारं.

फिरायला टुकटुक, म्हणजे आपली रिक्षाच. इथल्या पियाजिओ रिक्षा बघून बारामतीकरांना ओळख पटेल. मीटर मात्र नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा, हॉटेलवाल्याला साधारण दर विचारून ठेवा आणि सुटे पैसे बाळगा. घासाघीस हसत-हसत करायची, आवाज चढला की भाडंही चढतं. लांबच्या पल्ल्याला आणि रात्री ॲपवरून गाडी बोलवावी. मटाटू नावाच्या सामायिक व्हॅन स्वस्त पडतात, पण मोठ्या सामानासह त्यांत शिरू नये.

वेळ ठरवताना एक खबरदारी घ्या. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'एक'. होडीवाल्याने 'तीन वाजता' म्हटलं तर सकाळचे नऊ की दुपारचे तीन, हे बोटाने उन्हाची जागा दाखवून पक्कं करा.

सकाळ: फोर्ट जीझस

किल्ला सकाळी आठला उघडतो. आठलाच पोचा. दहानंतर प्रवाळाच्या दगडातून परतणारं ऊन सोसवत नाही आणि सहलींच्या बसही तेव्हाच येतात.

पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात हा किल्ला बांधला. आराखडा जोवान्नी बात्तिस्ता काइराती या मिलानच्या वास्तुविशारदाचा, गवंडी गोव्याहून आणलेले. ओमानी अरबांनी १६९६ साली वेढा घातला तो डिसेंबर १६९८ पर्यंत चालला. आतल्या लोकांना तलवारीपेक्षा उपासमारीने आणि रोगाने जास्त मारलं. इंग्रजांनी पुढे इथे तुरुंग केला, तो १९५८ पर्यंत होता. २०११ पासून किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मराठी पाहुण्याने वस्तुसंग्रहालयातली एक गोष्ट सोडू नये. वेढ्यात अडकलेल्यांना मदत घेऊन आलेलं 'सांतो आंतोनियो द तन्ना' हे पोर्तुगीज लढाऊ जहाज १६९७ साली किल्ल्यासमोरच बुडालं. ते बांधलं होतं वसईत आणि त्याच्या नावातलं 'तन्ना' म्हणजे आपलं ठाणे. १९७० च्या दशकात पाणबुड्यांनी त्याचं उत्खनन केलं, तेव्हा वर आलेल्या वस्तू इथे मांडल्या आहेत. वसईचा किल्ला पाहिलेला माणूस या दालनात इतरांपेक्षा जास्त रेंगाळतो.

शिवाय पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि गेरूने भिंतीवर रेखाटलेली जहाजं आणि माणसं बघा, ओमानी घरातली लाकूडकामं बघा आणि तटावरून खाडीच्या तोंडाकडे नजर टाका. किल्ला नेमका याच जागी का उठवला, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. वाटाड्या घ्यायचा तर ओळखपत्र असलेला घ्या आणि पैसे आधी ठरवा. दीड-दोन तास पुरतात.

मग जुनं शहर

किल्ल्यातून बाहेर पडून एनदिया कू रस्त्याला लागा. नकाशा खिशात ठेवला तरी चालेल. गल्ल्या वाकड्यातिकड्या असल्या तरी वस्ती आटोपशीर आहे आणि पूर्वेकडे उतरत गेलं की शेवटी पाणी लागतंच. कोरीव दरवाजे, लाकडी नक्षीचे सज्जे, प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती हे सगळं राहत्या घरांचं आहे, म्हणून उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका. शंकूसारखा पांढरा मिनार दिसला की ती मंध्री मशीद, १५७० च्या सुमाराची मानली जाते. पुढे लेव्हन हाउस ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली इमारत आणि तिच्या खाली पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. शेजारी जुनं बंदर, जिथे अजून लाकडी गलबतं दिसतात. तिथे फोटो काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा.

लांगोनीच्या बाजूला गेलात तर १९६३ सालचं पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर बघा. चप्पल आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. याच भागात कानावर गुजराती आणि कच्छी पडायला लागते. इथल्या व्यापारी घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या बाजार सांभाळलाय.

हे सगळं साडेबारापर्यंत उरका. दुपारच्या नमाजाला दुकानांची दारं ओढली जातात आणि ऊन उतरेपर्यंत गल्ल्या झोपलेल्या असतात. शुक्रवारी तर जुनं शहर सकाळीच संपवावं.

खाणंपिणं

मोम्बासात खाण्याचीही वेळ ठरलेली आहे. महामरी आणि म्बाझी हा सकाळचा नाश्ता. महामरी म्हणजे वेलची आणि नारळाचं दूध घालून तळलेली फुगीर गोडसर पुरी, म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. नऊनंतर विचारलंत तर बहुधा 'संपलं' असं उत्तर येईल.

दुपारी पिलाव, बिर्याणी किंवा 'समाकी वा कुपाका', म्हणजे निखाऱ्यावर भाजून नारळाच्या दाट रश्शात माखलेला मासा. तो खाताना मालवणी माणसाला घरची आठवण येईल, फक्त तिखट बेताचं असतं. बिर्याणीत मसाला आणि भात वेगळे वाढतात, तेव्हा 'खालचा मसाला कुठे' म्हणून शोधू नका.

चारनंतर रस्त्यावरचं खाणं सुरू होतं. 'वियाझी करई' म्हणजे हळदीच्या पिठात तळलेले बटाटे, वर चिंचेची किंवा कैरीची चटणी. 'मुहोगो' म्हणजे भाजलेला वा तळलेला कसावा, चिरून त्यात लिंबू-मिरची भरलेला. 'मिश्काकी' म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे. पोरांना 'माबुयू' द्या. गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवलेल्या असतात आणि जीभ दिवसभर रंगते. 'मदाफू' म्हणजे शहाळं, ते दिवसभर प्या.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. गुजराती थाळी मिळते. नारळातला राजमा, म्बाझी, पालेभाजी आणि चपाती साध्या खाणावळींतही असतात. फक्त रस्सा मांसाचा नाही ना आणि तळणीचं तेल वेगळं आहे ना, हे स्पष्ट विचारून घ्या. नळाचं पाणी पिऊ नका.

संध्याकाळ

मोम्बासा विषुववृत्ताच्या चारच अंश दक्षिणेला आहे. वर्षभर सूर्य साधारण साडेसहाला मावळतो आणि संधिप्रकाश अगदी थोडा. म्हणून संध्याकाळच्या फेरीला साडेचारलाच निघा.

बेटाच्या दक्षिण टोकाचा मामा न्गिना मार्ग ही मोम्बासाची चौपाटी. जुने अवाढव्य गोरखचिंचेचे वृक्ष, खाली खडकांवर आपटणारा समुद्र आणि समोरून बंदरात शिरणारी मालवाहू जहाजं, इतक्या जवळून की डेकवरची माणसं दिसतात. शनिवार-रविवारी अख्खं शहर इथे कसावाचे वेफर्स आणि शहाळी घेऊन बसलेलं असतं. एकदा तरी रविवारीच जा.

अंधार पडल्यावर परत जुन्या शहरात कॉफी प्यायला या. निखाऱ्यावर ठेवलेल्या पितळी उंच किटलीतून वाटीएवढ्या पेल्यात काळी, कडू, सुंठ घातलेली कॉफी ओततात. सोबत हलवा किंवा 'कशाता', म्हणजे नारळाची वा शेंगदाण्याची चिक्की. फिरताना दिव्याच्या, वर्दळीच्या रस्त्यांवरच राहा आणि परतीची गाडी आधीच सांगून ठेवा.

समुद्राचं वेळापत्रक

किनाऱ्यावर निराश होणारे पाहुणे बहुधा भरतीचा तक्ता न बघता आलेले असतात. इथे भरती-ओहोटीत उधाणाच्या दिवशी साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडतो आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची भिंत आहे. त्यामुळे ओहोटीला पाणी दूर पळतं आणि पोहायला आलेला माणूस चिखल-शेवाळात उभा राहतो. भरतीला तीच जागा पोहण्यासाठी छान.

मुंबईच्या कोळ्यांना अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला ठाऊक आहे. इथे ती साधारण चारच्या सुमाराला असते आणि खोल ओहोटी सकाळी दहाच्या. पुढे रोज पाऊणएक तास उशीर धरा. म्हणून उधाणाच्या दिवसांत सकाळी काचेच्या तळाच्या होडीतून किंवा स्नॉर्कल लावून प्रवाळ बघावं आणि चारनंतर पोहावं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, फरक कमी असतो. खडकांत चालताना रबरी बूट घाला, काटेरी समुद्री अर्चिनवर पाय पडला तर पुढचे दोन दिवस वाया. प्रवाळावर उभं राहू नका, शंख-प्रवाळ विकत घेऊ नका.

किनाऱ्यावर विक्रेते मागे लागतात. नको असेल तर थांबून हुज्जत न घालता हसून 'हापाना, असांते' म्हणजे 'नको, धन्यवाद' म्हणा आणि चालत राहा.

न्यालीच्या वाटेवर

न्याली पूल ओलांडताच कोंगोवेया भागात फ्रेअरटाउन लागतं. बहुतेक गाड्या तिथून सुसाट जातात, तुम्ही थांबा. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेल्या आफ्रिकी लोकांची ही वसाहत १८७० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली आणि तिला नाव दिलं सर बार्टल फ्रेअर यांचं, जे आधी मुंबईचे गव्हर्नर होते. सुटका झालेल्यांपैकी काहींचं बालपण नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये गेलं होतं. तिथे ते सुतारकी, लोहारकी आणि अक्षरं शिकले, आणि पुढे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक म्हणून इथे परतले. इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. नाशिकचा शरणपूर रोड रोज तुडवणाऱ्याने इथली घंटा जरूर बघावी. गुलाम पकडणारे येताहेत असं दिसलं की ती वाजवून वस्तीला सावध करत.

पुढे बाम्बुरीचं हॉलर पार्क. सिमेंट कारखान्याने चुनखडी काढून उजाड केलेल्या खाणीत रेने हॉलर यांनी १९७१ पासून जंगल उभारलं. पहिली झाडं सुरूची, आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसतात तीच. त्यांच्या सुया कुजेनात, म्हणून खाणीत पैसा किडे सोडले. त्यांनी सुया खाऊन माती तयार केली आणि मग बाकीची झाडं रुजली. आज तिथे जिराफ, पाणघोडे आणि महाकाय कासवं आहेत. मुलांना घेऊन दुपारनंतर, जिराफांना खाणं भरवायची वेळ विचारून जा.

खरेदी

बियाशारा स्ट्रीटवर लेसो आणि किकोय ही इथली कापडं घ्या. लेसोच्या जोडीवर एक स्वाहिली म्हण छापलेली असते. घेण्याआधी दुकानदाराकडून तिचा अर्थ समजून घ्या, कारण काही म्हणी सवतीला किंवा शेजारणीला टोमणा मारणाऱ्या असतात. 'मरिकिती' या जुन्या बाजारात मसाले मिळतात. पिलाव मसाला घ्या, हळद-मिरी घरी आहेच. लाकडी कोरीवकाम घ्यायचं तर चांगामवेच्या अकांबा कारागिरांच्या सहकारी संस्थेत जा, कारागीर काम करताना दिसतात. हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाच्या वस्तूंना हात लावू नका, तो गुन्हा आहे.

वागावं कसं, जपावं काय

जुन्या शहरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री असो वा पुरुष. माणसांचे, विशेषतः बुईबुई म्हणजे काळा बुरखा घातलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. लिकोनी फेरीवर आणि बंदरात फोटो काढायला मनाई आहे. पोलिस खरोखर हटकतात. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणून नमस्कार करा. उत्तरादाखल 'मराहबा' येतं आणि त्यानंतरची बोलणी सोपी होतात. काम सांगण्याआधी ख्यालीखुशाली विचारणं इथे शिष्टाचार आहे, वेळेचा अपव्यय नाही.

सोन्याची साखळी घरी ठेवा. मोबाइल रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात नाचवू नका. निर्मनुष्य किनाऱ्यावर सांजवेळी एकटं फिरू नका. लिकोनी फेरी पायी माणसाला फुकट आहे आणि अनुभवण्यासारखी आहे, पण सकाळ-संध्याकाळची कामावर जायची-यायची गर्दी टाळून अकरा ते तीनच्या दरम्यान जा आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

वेळ कमी असेल तर

एकच दिवस असेल तर हॉलर पार्क आणि खरेदी गाळा. सकाळी सातला म्बाझी-महामरी, आठला किल्ला, दहाला जुनं शहर, दुपारी जेवण आणि विश्रांती, साडेचारला मामा न्गिना, रात्री कॉफी. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी भरतीचा तक्ता बघून फ्रेअरटाउन, हॉलर पार्क आणि बाम्बुरीचा समुद्र यांचा क्रम लावा. ओहोटी सकाळी असेल तर आधी प्रवाळ, मग पार्क. भरती सकाळी असेल तर आधी पोहणं. त्यानंतर डियानीला खुशाल जा, हवे तितके दिवस राहा. नैरोबीला परतताना मात्र विमानाऐवजी दिवसाची रेल्वे धरा. २०१७ पासून धावणारी ही गाडी पाच-सहा तासांत त्सावोच्या जंगलातून जाते आणि नशीब असेल तर तांबड्या मातीने माखलेले हत्ती खिडकीतून दिसतात. तिकीट काही दिवस आधी काढा, सुट्ट्यांच्या मोसमात आयत्या वेळी मिळत नाही. आणि मिरितिनीला तासभर आधी पोचा, सामानाची तपासणी विमानतळासारखीच असते.